रायफल मुलीच्या मापाची हवी

आम्ही म्हणजे मुलींना एअर रायफलच्या सरावाला नेणाऱ्या काही आया, एक शाळेतल्या क्रीडाशिक्षिका आणि चष्म्याच्या दुकानात काम करणारी आमची एक मैत्रीण. आमच्यातलं कुणी स्पर्धा गाजवलेली नाही. पण मुलींच्या मागे बाकावर बसून, त्यांच्या पेट्या उचलून, पुणे बसस्थानकावर पहाटेच्या गाडीची वाट बघून जे कळलं ते आज सांगायचं आहे.

निमित्त आहे एका पत्राचं. पाथर्डी तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. त्यांची मुलगी सातवीत आहे, उंची चार फूट सात इंच, अंगाने बारीक. शाळेच्या शिबिरात तिने एअर रायफल हातात घेतली आणि तिला ती आवडली. मग ताईंच्या धाकट्या दिरांनी ओळखीतून एक जुनी स्प्रिंगची एअर रायफल आणून दिली. भाऊजी म्हणाले, वर चांगली दुर्बीण बसवू, म्हणजे नेम चुकायचाच नाही. ताई विचारतात, दुर्बीण कोणती घ्यावी आणि ती बसवायची कशी? पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून एक वाक्य लिहिलंय: शिबिरातले सर म्हणाले, हिची मान अवघडते, हात थरथरतो, हिला हा खेळ जमेल असं वाटत नाही.

आम्हाला दुर्बिणीच्या प्रश्नापेक्षा ते शेवटचं वाक्य टोचलं. चार फूट सात इंचाच्या मुलीच्या हातात साडेपाच फुटी गड्याच्या मापाची रायफल द्यायची आणि वर म्हणायचं, हिला जमत नाही. बाबांची चप्पल घालून पोरगी अडखळली तर आपण तिच्या पायाला दोष देतो का? म्हणून ताई, आधी मापाचं बोलू. दुर्बीण लावायची की नाही, तेही त्यातूनच कळेल.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू. रायफल आणि दुर्बीण हे शब्द जोडीने आले की आपल्याकडे शिकार आठवते. जुन्या घरांच्या भिंतीवर शिंगं असत, आजोबांच्या गोष्टी असत. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते दिवस संपले. ससा, तितर, हरीण, रानडुक्कर, कुणावरही आपल्या मनाने बंदूक चालवता येत नाही, आणि एअर रायफल असली तरी तो गुन्हाच. आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य राखलेलं आहे, ते काही सहलीपुरतं नाही. बिबट्याचंही तेच. अकोले, संगमनेर, राहुरीकडच्या उसात बिबट्या राहतो हे आता नवं राहिलेलं नाही. विद्या अत्रेय यांनी अकोल्याच्या खोऱ्यात कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास बिबटे निघाले होते, तेही शेतं आणि वस्त्यांमध्ये. पण घरात एअर रायफल आहे म्हणून बिबट्यापासून रक्षण होईल, असं कुणी समजू नये. छर्र्याने तो मरत नाही, चिडतो. ते काम वनखात्याचं. मुलीच्या हातातली रायफल ही कागदाच्या टार्गेटसाठी, एवढं घरात सगळ्यांना ठणकावून सांगून ठेवा, भाऊजींनाही.

कायद्याचं थोडक्यात. नळी ४.५ मिलिमीटरपर्यंतची, म्हणजे ज्याला पॉइंट १७७ म्हणतात ती, आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. तरी दुकानदार तुमचं ओळखपत्र घेतो आणि नोंद ठेवतो, ती ठेवू द्या, पावती जपा. जुनी घेतलीत तर देणाऱ्याकडून लिहून घ्या. दारूगोळ्याच्या बंदुकीचा परवाना एकवीस वर्षं पुरी झाल्याशिवाय सहसा मिळत नाही, त्यामुळे तो विषय आज आपल्यासाठी नाही.

आता माप. ही तपासणी घरी, ओसरीवर करता येते. रायफल रिकामी आहे ना हे आधी दोघींनी बघायचं. मग मुलीला हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा. दस्त्याची मागची कड तिच्या कोपराच्या खळगीत टेकवा आणि हात रायफलच्या बाजूने पुढे न्या. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे. पोचत नसेल, बोट ताणावं लागत असेल, तर दस्ता लांब आहे. मोठ्यांच्या रायफलचा दस्ता साधारण ३५ सेंटिमीटर असतो. पत्रातल्या मुलीला ३० ते ३१ च्या आसपास लागेल. चार-पाच सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, ब्लाउजची बाही तेवढी लांब झाली तर काय होतं ते आठवा.

लांब दस्ता खांद्याला लावायचा म्हणजे मुलगी मागे रेलते, कंबर पुढे काढते, मान पुढे ताणते. मग मान अवघडणारच, हात थरथरणारच. सरांनी जे पाहिलं ते खरंच होतं, कारण मात्र मुलीत नव्हतं.

दस्ता लाकडी असेल तर चांगला सुतार तो कापून देतो. मापाच्या खुणा करून, थोडा थोडा. आणि कापलेला तुकडा फेकू नका! मुलगी वाढणार आहे. त्या तुकड्याच्या चकत्या करून ठेवल्या तर दर सहा महिन्यांनी एकेक चकती स्क्रूने परत लावता येते. आमच्यातल्या दोघींच्या घरी अशा चकत्यांचा डबा आहे, परकराच्या टीपा उसवतात तशा त्या बाहेर येतात. स्पर्धेच्या महागड्या रायफलला मागेपुढे सरकणारा दस्ता असतो, तिथे कापाकापी लागत नाही.

दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची. मुलीला उभं करा, रायफल खांद्याला लावू द्या, गाल दस्त्यावर टेकवू द्या आणि डोळे मिटायला सांगा. दोन श्वास घेऊ द्या. मान सैल, डोकं सरळ. आता डोळे उघडायचे आणि मान न हलवता सांगायचं, साइट कुठे दिसते? साइट डोळ्यासमोरच असेल तर माप जमलं. साइट वर असेल आणि मान उचलावी लागत असेल, तर गालाखाली उंची हवी. योगा मॅटचा तुकडा आणि कापडी चिकटपट्टी यांनी सुरुवात करता येते. साइट खाली असेल आणि मुलगी दस्त्यावर डोकं दाबून तिरकं करून बघत असेल, तर साइट वर आणायला हवी. सगळ्या बोलण्यात आमचं म्हणणं एवढंच आहे: डोळा साइटपाशी न्यायचा नाही, साइट डोळ्यापाशी आणायची. डोकं तिरकं ठेवून उभं राहिलं की तोलही जातो. एका पायावर उभ्या राहून मान वाकडी करून बघा, लगेच कळेल.

वजनाचं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. भरलेली कळशी कमरेवर घेऊन तुम्ही अर्धा मैल गेला असाल. तीच कळशी हात लांब करून धरली तर चार पावलं निघत नाहीत. उभ्याने नेम धरणाऱ्या चांगल्या मुली पाहा, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं असतं आणि रायफलचं वजन दंडातून हाडावर, हाडातून पायात जातं. अगदी कळशीसारखं. स्पर्धेच्या नियमात एअर रायफल साइटसकट साडेपाच किलोपर्यंत चालते, पण चालते म्हणजे घ्यावी असं नाही. बारा-तेरा वर्षांच्या बारीक मुलीला साडेतीन-चार किलोची पुरे. आणि वजन पुढच्या टोकाला नको, अंगाजवळ हवं.

आता दुर्बीण. ताई, आमचं स्पष्ट मत आहे की ती घेऊ नका. कारणं सांगतो.

पहिलं म्हणजे १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की साइटमध्ये भिंग नको. चष्मा मुलीच्या डोळ्यावर चालेल, रायफलवर बसवलेलं भिंग चालणार नाही. म्हणजे दुर्बिणीवर दोन वर्षं शिकलेली मुलगी स्पर्धेच्या दिवशी पुन्हा पहिलीच्या वर्गात.

दुसरं कारण यंत्राचं. साध्या बंदुकीचा धक्का फक्त मागे बसतो. स्प्रिंगच्या एअर रायफलचं तसं नाही. आतला दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे जाते आणि दट्ट्या टोकाला आपटून थांबतो तेव्हा ती पुढे हिसका खाते. असा दुहेरी हिसका सहन करायला बनवलेली नसेल तर दुर्बिणीच्या आतल्या तारा हलतात, कधी तुटतात. तिला धरून ठेवणारा माउंटही छर्र्यागणिक केसभर मागे सरकतो. म्हणून स्प्रिंगच्या रायफलसाठीच्या माउंटला खाली एक छोटी खिट्टी असते, ती रायफलवरच्या भोकात बसते आणि माउंट सरकू देत नाही. तुमच्या रायफलला ते भोक आहे का, हे भाऊजींनी पाहिलंय का?

तिसरं, बाजारात मिळणाऱ्या बहुतेक दुर्बिणी शंभर यार्डांवर, म्हणजे नव्वदेक मीटरवर साफ दिसावं अशा लावलेल्या असतात. दहा मीटरवरचं टार्गेट त्यांत धूसर दिसतं, आणि डोळा जरा इकडेतिकडे झाला की आतली फुली टार्गेटवर सरकलेली दिसते. रायफल हललेली नसते, पण मुलगी तिच्या मागे धावते. जवळच्या अंतरावर साफ करता येणाऱ्या दुर्बिणी मिळतात, पण त्या महाग आणि जड. अर्धा किलो वजन रायफलच्या डोक्यावर, म्हणजे आत्ता वाचवलेलं सगळं परत आलं.

आणि चौथं, जे आम्हाला सगळ्यांत मोठं वाटतं. दुर्बीण टार्गेट मोठं करते तशी थरथरही मोठी करते. नवशिकी मुलगी फुली नाचताना बघते आणि घाबरते. मग ती फुली मधोमध येण्याची वाट पाहते आणि आली रे आली की चाप खेचते. त्या खेचण्याने रायफल हलते. ही खोड एकदा लागली की काढायला वर्ष जातं. साध्या साइटमध्ये थरथर तेवढीच असते, पण ती दिसते कमी, आणि मुलगी बोटाकडे लक्ष देऊ शकते.

ज्यांना दुर्बीण लागते त्यांना लागते. अमेरिकेत काही राज्यांत वडिलांबरोबर मुलं कायदेशीर शिकारीला जातात, तिकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी फोटो पाठवले असतील. त्या छोट्या रायफलींवर दुर्बीण असते, कारण त्यांचं अंतर शंभर मीटर आणि पुढे जिवंत जनावर, नेम चुकला तर ते जखमी होऊन तडफडतं. तिथेही जाणते लोक हेच सांगतात की माउंट होईल तेवढा बुटका घ्या, मुलाचा गाल दस्त्यावरून सुटू देऊ नका, आणि डोळा दुर्बिणीपासून तीन-चार इंच लांब राहील असं बसवा, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. आपलं अंतर दहा मीटर आणि पुढे कागद.

मग घ्यायचं काय? दोन प्रकार आहेत. पहिली ओपन साइट. मागे खाच, पुढे माशी. भाऊजींनी आणलेल्या रायफलवर ती असणारच. आपल्याकडच्या स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात, त्यामुळे नव्या मुलीला ओपन साइटवरही खेळता येतं. यात एकच गोष्ट शिकवा. खाच, माशी आणि टार्गेट या तिन्ही एकदम साफ दिसूच शकत नाहीत, डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. साफ दिसायला हवी ती माशी. टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालेल. का, त्याचा हिशोब सांगतो. खाच आणि माशी यांत ७० सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला राहिली, तर दहा मीटरवर छर्रा चौदा मिलिमीटर सरकतो. दहाच्या ठिकाणी पाच गुण. टार्गेटचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा आहे मैत्रिणींनो, सुईच्या टोचणीएवढा. काळं वर्तुळ सगळं मिळून ३०.५ मिलिमीटर.

दुसरी पीप साइट. मागे खाचेऐवजी एक चकती, तिच्यात बारीक भोक. पुढे माशीऐवजी एक नळकांडं, त्यात कडी. भोकातून कडी बघायची, कडीत काळं वर्तुळ बघायचं, गोलात गोल, गोलात गोल. आमची चष्म्याच्या दुकानातली मैत्रीण म्हणते, यात जादू काही नाही. डोळे तपासताना पुढे बारीक भोकांची काळी चकती धरतात ना, तिच्यातून धूसर अक्षरं एकदम साफ दिसतात, तेच हे. आत्ताच मूठ वळून तिच्यात बारीक भोक ठेवा आणि समोरच्या भिंतीवरची दिनदर्शिका वाचून बघा. शिवाय गोलाच्या मधोमध गोल बसवायला डोळ्याला शिकवावं लागत नाही, रांगोळीचा ठिपका मधोमध पडला की नाही ते आपल्याला मोजपट्टी न लावता कळतं.

भोक किती मोठं हवं? १.१ ते १.२ मिलिमीटरपासून सुरुवात करा. फिरवून लहानमोठं करता येणारं भोक मिळालं तर उत्तम. फार बारीक भोकातून अंधारं दिसतं आणि डोळा लवकर थकतो, आपल्याकडच्या ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये तर जास्तच. पुढची कडी मात्र नव्या मुलीला मोठी द्या, ४ मिलिमीटर किंवा थोडी वरची. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी पट्टी भरपूर दिसली पाहिजे. पालक हौसेने बारीक कडी आणतात, नेम जास्त अचूक होईल म्हणून. होतं उलट. काळं वर्तुळ सतत कडीला घासतं, मुलगी घाबरून श्वास कोंडून धरते.

आता माउंटचा प्रश्न पीप साइटलाही आहेच, आणि इथे पैसे वाया जातात. बहुतेक एअर रायफलींवर मागे ११ मिलिमीटरच्या समांतर खाचा असतात. पीप साइट त्यांवरच आवळून बसते. पण जुन्या रायफलवर मागची पीप साइट उंच आली आणि पुढची माशी बुटकीच राहिली, तर छर्रे वर जातात आणि साइटचा स्क्रू खाली आणून आणून संपतो. म्हणून मागची आणि पुढची साइट जोडीने घ्यायची. डोळ्यासाठी उंची वाढवायची तर दोन्हींखाली सारख्या उंचीचे ठोकळे. नियमात उंचीला मर्यादा आहे, रेंजवर मोजून घ्या. साइट बसवताना स्क्रू हाताच्या सगळ्या जोराने आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातात. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. वरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ स्क्रू आणि साइट यांवर मिळून ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू ढिला झाला समजायचं. ही युक्ती आम्ही वर्षभर वापरतोय, लाल रंग बरा दिसतो.

रायफल तिरकी धरली तर काय? दहा मीटरवर पोचेपर्यंत छर्रा दीडेक सेंटिमीटर खाली येतो, साइट ते धरूनच लावलेली असते. रायफल दहा अंश कलली तर तो जवळजवळ तीन मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे एक कडी गेली. सारखीच कलत असेल तर साइट लावून भागतं, पण मुलीची दर वेळी वेगळी कलते. पुढच्या नळकांड्यात आडव्या रेघा असलेली कडी मिळते, ती घ्या.

डोळ्यांचं राहिलंच. कोणतीही साइट घेण्याआधी मुलीचा मुख्य डोळा कोणता ते बघा. दोन्ही हात लांब करून पंज्यांचा छोटा त्रिकोण करायचा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ धरायचं. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ त्रिकोणातच राहतं तो मुख्य. उजव्या हाताच्या बऱ्याच मुलींचा मुख्य डोळा डावा निघतो. अशा मुलीला कुणी सांगितलेलं नसतं आणि तीही म्हणत नाही, मला दोन दोन माश्या दिसतात. लहान वय असेल तर डाव्या खांद्यावर शिकवून बघा, पोरी पटकन शिकतात. नाहीतर दुसऱ्या डोळ्यासमोर तीस मिलिमीटर रुंदीपर्यंत पट्टी चालते. पट्टी पांढुरकी, उजेड येऊ देणारी घ्या, काळी नको. एक डोळा अंधारात ठेवला की दुसऱ्याची बाहुलीही मोठी होते. आणि डोळा घट्ट मिटून नेम धरायची सवय लावू नका, चेहऱ्याचे स्नायू थकतात.

चष्मा असलेल्या मुलीचं जरा वेगळं. नेम धरताना मान वळलेली असते, त्यामुळे ती भिंगाच्या मधून बघत नाही, नाकाकडच्या कडेतून बघते. दुकानात चष्मा करायला जाल तेव्हा मुलीला रायफल धरल्यासारखं उभं करून दाखवा आणि म्हणा, हिला इथून बघायचंय. मोठी फ्रेम, मागे पट्टी. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा मुलीची नजर तपासली गेली का, विचारा. आम्ही जिथे बसतो तिथे दोन मुलींना नंबर निघाला, तोही नेम का चुकतो हे शोधता शोधता. फळा दिसत नव्हता, हे त्या घरी बोलल्याच नव्हत्या.

साइट लावण्याचा, म्हणजे क्लिक फिरवण्याचा, एक नियम पाळा. एका छर्र्यावर क्लिक फिरवायचा नाही. पाच मारायचे, पाचांचा घोळका कुठे बसला ते बघायचं, मग फिरवायचं. जर्मन बनावटीच्या साइटवर एच आणि टी अशी अक्षरं असतात आणि तिथे सगळे फसतात. एच म्हणजे छर्रा वर लागला असेल तर या बाजूला फिरवा, टी म्हणजे खाली लागला असेल तर या बाजूला. वर न्यायचा आहे म्हणून एचकडे फिरवलं की छर्रा आणखी खाली जातो.

याच क्लिकवरून जुनी साइट घ्यायची की नाही ते ठरवता येतं. नवी स्पर्धेची रायफल लाखाच्या वर जाते, आपण बहुतेक जणी जुनीच बघतो. रेंजवर न्या, जाणकाराकडून रायफल टेकवून पाच मारून घ्या. दहा क्लिक वर, पाच छर्रे. दहा क्लिक खाली, परत पाच. शेवटचा घोळका पहिल्याच्याच जागी बसला पाहिजे. मग डावीउजवीकडे तसंच. नाही बसला तर साइटचे आटे झिजलेत, विकणारा कितीही गोड बोलला तरी उठा. हवेच्या सिलिंडरची रायफल असेल तर सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. साधारण दहा वर्षांची मुदत बनवणारे देतात, ती उलटली असेल तर तो सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरातही नको. दोनशे बारचा दाब म्हणजे ट्रकच्या चाकातल्या हवेच्या वीस-पंचवीस पट.

घरच्या सरावाला रोज रेंज लागत नाही. दहा मीटरवर ३०.५ मिलिमीटरचं वर्तुळ जेवढं दिसतं, तेवढंच पाच मीटरवर १५ मिलिमीटरचं दिसतं. म्हणजे मोठी काळी टिकली! पांढऱ्या भिंतीवर, मुलीच्या डोळ्याच्या उंचीला एक टिकली चिकटवा, पाच मीटर मोजा. खोली लहान असेल तर तीन मीटरवर नऊ मिलिमीटरची, मधल्या आकाराची. रायफल रिकामी, स्प्रिंग न ओढलेली, नुसतं धरायचं आणि खाली ठेवायचं, दहा वेळा. स्प्रिंगची रायफल ओढून रिकामी उडवायची नाही, आतला दट्ट्या आणि सील खराब होतात. सराव झाला की रायफल पेटीत, पेटीला कुलूप, छर्रे वेगळ्या कपाटात, किल्ली आईकडे. धाकट्या भावाला किल्लीची जागा माहीत नको. छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरायचे नाहीत, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. ही सक्ती आम्ही मोठ्यांवरही करतो.

सरांच्या त्या वाक्याबद्दल एवढंच. १९८४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी एअर रायफलची वेगळी स्पर्धाच नव्हती. २००० मध्ये सिडनीला अंजली भागवत अंतिम फेरीत पोचल्या, त्यांची सुरुवात मुंबईत कॉलेजच्या एनसीसीतून झाली होती. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, त्या कोल्हापूरच्या. आणि देशातली रायफल संघटना १९५१ मध्ये उभी केली ती ग. वा. मावळंकरांनी, लोकसभेच्या पहिल्या सभापतींनी. त्यांच्या नावाने आजही स्पर्धा होते. आपल्या मुली तिथे जातील की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पण पाथर्डीच्या त्या मुलीला अजून कुणी तिच्या मापाची रायफल दिलेलीच नाही, तेव्हा तिला जमेल की नाही याचा निकालही कुणी देऊ नये.

तर ताई, आधी सुतार. दस्ता चार सेंटिमीटर कापून घ्या, तुकडा जपा. गालाखाली पट्टी लावा. मुख्य डोळा तपासा. ओपन साइटवर तीन महिने जाऊ द्या. मग तिला अजून आवडत असेल तर दुर्बिणीचे म्हणून ठेवलेले पैसे मागच्या-पुढच्या पीप साइटच्या जोडीला घाला. भाऊजींना आमचा नमस्कार सांगा, रायफल त्यांनी आणली म्हणून हे सगळं सुरू झालं. तीन महिन्यांनी मुलीचा दस्ता पुन्हा मोजा आणि आम्हाला माप कळवा, बाकी मुलींच्या मापांशेजारी ते आम्ही वहीत लिहून ठेवू.